आयन अडतो तो दारात

नमस्कार. ‘दोन थरांच्या ग्राफीनमध्ये लिथियम आयन पाण्यातल्या मिठापेक्षा वेगाने पसरतो’ हे माझे वाक्य तुम्हाला पटले नाही. (ग्राफीन म्हणजे अणूभर जाडीचा कार्बनचा थर; आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू.) घन पदार्थ द्रवावर मात करूच शकत नाही, आणि करत असेल तर म्हापशात तुमची इलेक्ट्रिक स्कूटर चार्ज व्हायला चार तास का लागतात, असे तुम्ही विचारलेत. वर ‘ही जाहिरात आहे’ असेही लिहिलेत. ते लागले, म्हणून सविस्तर लिहितो.

वाक्य मी मागे घेत नाही. २०१७ साली जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत हे मोजले गेले. ग्राफीनचे दोनच थर घेतले आणि इलेक्ट्रोलाइट, म्हणजे लिथियम आयन पुरवणारे माध्यम, फक्त एका टोकाला ठेवले. आत शिरलेला लिथियम कुठवर पोचला, हे हॉल व्होल्टेजवरून (चुंबकीय क्षेत्रात प्रवाहाला आडवा निर्माण होणारा विद्युतदाब) क्षणोक्षणी कळत होते. विसरण गुणांक, म्हणजे पसरण्याच्या वेगाचे माप, सेकंदाला ०.००००७ चौरस सेंटीमीटरपर्यंत गेला. या गतीने पाच मायक्रोमीटर पार करायला काही मिलिसेकंद पुरतात! द्रव नेहमीच पुढे असतो, हा समज मोडणारे असे मोजमाप मला फार मोलाचे वाटते.

आता तुमची स्कूटर. तिच्या बॅटरीत लिथियम साठवायला ग्राफाइटची, म्हणजे ग्राफीनचे असंख्य थर रचलेल्या कार्बनची, भुकटी असते, दोन सुबक थर नव्हे. थरांच्या आत आयन झपाट्याने जातो, पण कणांमधल्या सीमांवरून सरकताना गती हजारो पटींनी घटते. त्याआधी त्याला अंगाला चिकटलेले बॅटरीतल्या द्रवाचे रेणू सोडावे लागतात आणि ग्राफाइटवर जमलेला पातळ थर ओलांडावा लागतो. गोव्यात रायबंदरहून नदीपलीकडे दिवाडी बेटावर जाताना पलीकडचा रस्ता मोकळाच असतो, वेळ जातो तो फेरीबोटीत गाडी चढवताना. तसेच हे. इथे घाई केली, तर लिथियम आत न शिरता पृष्ठभागावरच धातू होऊन साचतो, आणि बॅटरीला धोका तिथून सुरू होतो.

तुमच्या चार तासांचा हिशेब मात्र बहुधा याहून साधा आहे. बॅटरी तीन किलोवॅट-तासांची आणि घरचा चार्जर ७५० वॅटचा धरा. भागाकार केला की चार तास येतात. तिथे आयन नव्हे, चार्जर मंद आहे.

आणि गाडी पूर्ण चार्ज करून मे महिन्याच्या उन्हात उभी ठेवत असाल तर तेवढे टाळा. भरलेली बॅटरी तापली की तोच पातळ थर जाड होत जातो आणि क्षमता घटते.