करवंदाची आफ्रिकन मावसबहीण

डर्बनला आल्यावर नर्सरीत नमनमचं झुडूप दिसलं आणि मी तिथेच विरघळले. जाड चकचकीत पानं, पांढरीशुभ्र चांदणीसारखी फुलं, वास तर विचारूच नका, आणि देठ मोडला की पांढरा चीक. आईला व्हिडिओ कॉल लावला तर म्हणाली, "अगं, ही तर आपल्या करवंदाचीच जात!" खरंच होतं, दोन्ही कॅरिसाच. झुलूत याला अमातुंगुलू म्हणतात, फळ लाल आणि करवंदापेक्षा कितीतरी मोठं.

आता नाव नमनम, म्हणून स्वभावही मऊ असेल असं मला का वाटलं देव जाणे. काटा बघा, टोकाला दुभंगलेला, म्हणजे एकदा टोचला की दोन भोकं! इथे लोक मुद्दाम याचं कुंपण करतात, चोर आत येत नाही म्हणे. चोराचं माहीत नाही, पण मी एकदा छाटायला गेले आणि बाहेर येता येईना, ओढणी सोडवायला गेले तर बाही अडकली, बाही सोडवली तर केस, आणि वर चिकाने कात्री हाताला चिकटलेली. नवरा खिडकीतून म्हणतो, "चहा टाकू का?" टाक बाबा.

झाडाची तक्रार मात्र शून्य. खारा वारा, वाळूची जमीन, सगळं चालतं, बारा महिने हिरवंगार. आम्ही औषधबिषध मारत नाही, बाग वाइल्डलाइफ-फ्रेंडली ना! तिसऱ्या वर्षी फळं धरली तसं वाइल्डलाइफ जरा जास्तच फ्रेंडली झालं. आधी बुलबुल, मग लांब शेपटीचे माऊसबर्ड, ते तर फांदीवर उंदरासारखे सरपटत येतात, आणि शेवटी व्हर्व्हेट माकडांचं अख्खं खानदान. फळ पूर्ण पिकल्याशिवाय खायचं नाही, कच्च्यात चीक असतो, म्हणून मी थांबायचे. नियम माकडांनाही माहीत होता, फक्त त्यांचं कॅलेंडर एक दिवस पुढे.

आई रोज विचारायची, "लोणचं घातलंस का?" काय सांगू हिला!

काल शेवटचं एक फळ पानाआड लपलेलं सापडलं. मी हातमोजे आणायला आत गेले, येऊन बघते तर एक काळतोंड्या भिंतीवर बसून तेच खातोय. अर्धं खाल्लं, माझ्याकडे बघितलं आणि उरलेलं खाली टाकलं. उचलून पाहिलं, आत लालभडक.

"कोंबडा निघाला रे," मी त्याला सांगितलं.