लिनक्सवर डोंगल चालत नाही, या समजाबाबत खुलासा
‘इंटरनेटचे (सिम घालून वापरायचे) यूएसबी डोंगल लिनक्स या संगणकप्रणालीवर चालत नाही, कारण कंपनी त्याचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा प्रोग्राम) फक्त विंडोजसाठी देते,’ असे सर्रास सांगितले जाते. हे बरोबर नाही. अशा अनेक डोंगलना लागणारा ‘ऑप्शन’ हा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, असतो. अडचण वेगळी आहे. असे डोंगल संगणकाला लावताच ते प्रथम स्वतःला मोडेम (इंटरनेट जोडून देणारे उपकरण) म्हणून नव्हे, तर विंडोजचे सॉफ्टवेअर असलेली सीडी म्हणून दाखवते, आणि त्यामुळे उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात मोडेमऐवजी सीडीचे चिन्ह उमटले की लोक तेथेच हात टेकतात. ‘यूएसबी-मोडस्विच’ हा छोटा प्रोग्राम डोंगलला ठराविक संदेश पाठवून मोडेम होण्यास सांगतो. हुआवे कंपनीच्या ई१५५० या डोंगलमध्ये हा बदल डोळ्यांना दिसतो: जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी ‘एलएसयूएसबी’ (lsusb) ही आज्ञा दिल्यास डोंगलचा आधी दिसणारा १४४६ हा ओळख-क्रमांक जाऊन १००१ येतो. पुढचे जोडणीचे काम मोडेममॅनेजर आणि नेटवर्कमॅनेजर हे लिनक्सवरील प्रोग्राम करतात. आपण सिम कंपनीचे एपीएन (तिच्या इंटरनेट जोडणीचे नाव) तेवढे अचूक भरायचे. मात्र यूएसबी-मोडस्विच इंटरनेटवरूनच उतरवावा लागत असल्यास तो आधी दुसऱ्या जोडणीवरून घेऊन ठेवावा, कारण नवख्या माणसाची खरी कोंडी नेमकी येथेच होते.