हायड्रोट्रोप म्हणजे छोटा साबण नव्हे

हायड्रोट्रोपवरचा, म्हणजे पाण्यात सहसा न विरघळणारे पदार्थ विरघळवायला मदत करणाऱ्या छोट्या रेणूंवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘हायड्रोट्रोपही साबणासारखेच मायसेल करून पदार्थ विरघळवतात’ हे वाक्य कृपया दुरुस्त करा. मायसेल म्हणजे तेलकट शेपट्या आत वळवून साबणाच्या रेणूंनी बांधलेले सूक्ष्म गोळे. साबणाच्या रेणूला लांब तेलकट शेपटी असते, म्हणून एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट) सारखा डिटर्जंट लिटरमागे ८ मिलिमोलच्या आसपासच मायसेल बांधायला लागतो. सोडियम बेंझोएट, सॅलिसिलेट किंवा निकोटिनामाइड या हायड्रोट्रोपना तशी शेपटीच नाही. हे रेणू न विरघळणाऱ्या रेणूभोवती सैलसर जमतात आणि त्याला पाण्यापासून आडोसा देतात. त्यासाठी त्यांची गर्दीच लागते. बेंझोएट लिटरमागे अर्ध्या-एक मोलच्या घरात घ्यावं लागतं, आणि १ मोल म्हणजे हजार मिलिमोल, लिटरमागे तब्बल १४४ ग्रॅम!

मी लोटे (जि. रत्नागिरी) एमआयडीसीत प्रोसेस विभागात आहे, त्यामुळे हा फरक मला नुसता पुस्तकी वाटत नाही. द्रावणात पाणी वाढलं की विरघळलेला माल परत खाली बसतो. चुकून वाढलं तर डोकेदुखी, पण ठरवून वाढवलं तर हाच मोठा फायदा. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत हळदीतलं कर्क्युमिन असंच काढून दाखवलंय: क्युमीन सल्फोनेट या हायड्रोट्रोपच्या दाट द्रावणात उतरवायचं, मग पाणी घालून वेगळं करायचं. मात्र उरलेलं पातळ द्रावण पुन्हा वापरायचं तर पाणी उडवावं लागतं, आणि त्याला वाफ, म्हणजे इंधन लागतं. तो खर्च टाळला तर एवढं सगळं मीठ सांडपाण्यात जाणार, आणि आमच्याकडचं सांडपाणी शेवटी दाभोळच्या खाडीकडेच जातं. सॉल्व्हंट नाही म्हणून या पद्धतीला ‘प्रदूषणमुक्त’ म्हणण्याआधी हा हिशेब लेखात यायला हवा होता.