रेगेन्सबुर्गमध्ये कारखाने नाहीत म्हणे!

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपवर आला. तिसऱ्यांदा पाठवला तो नाशिकच्या काकांनी, हात जोडलेल्या इमोजीसकट. डॅन्यूबवरच्या दगडी पुलाचा संध्याकाळचा फोटो, आणि खाली: ‘जर्मनीतलं रेगेन्सबुर्ग. महायुद्धात एकही बॉम्ब पडला नाही. 900 वर्षांचा पूल, एक दगड हलला नाही, आजही वाहतूक चालू. लोकांनी शहरात कारखाना येऊ दिला नाही, म्हणून वारसा टिकला. नाहीतर आपण!’

या गावात मी सात वर्षं राहतोय. काकांना फोनवर सांगायला गेलो तर ते आंब्यांच्या भावाकडे वळले, म्हणून लिहून काढतो.

बॉम्बपासून सुरुवात करू. शहराच्या पश्चिमेला प्र्यूफेनिंगमध्ये मेसरश्मिटचा विमान कारखाना होता. लुफ्तवाफेची, म्हणजे जर्मन हवाई दलाची, लढाऊ विमानं तिथे जुळवली जायची. 17 ऑगस्ट 1943 रोजी इंग्लंडहून अमेरिकेची 146 बी-17 बॉम्बफेकी विमानं त्याच्यावर निघाली. दुसरा ताफा त्याच दिवशी श्वाइनफुर्टच्या बॉलबेअरिंग कारखान्यांवर गेला. रेगेन्सबुर्गच्या ताफ्यातली 24 विमानं पडली आणि उरलेली इंग्लंडला न परतता आल्प्स ओलांडून थेट उत्तर आफ्रिकेत उतरली. खाली कारखान्यात जवळपास 400 माणसं मेली. त्यानंतरही हल्ले होत राहिले, रेल्वेवर आणि बंदरावर. मार्च 1945 मध्ये ओबरम्युन्स्टर हे जुनं चर्च पडलं. त्याचे अवशेष आणि सुटा उभा राहिलेला बुरूज आजही जुन्या शहरात बघायला मिळतो. जुनं शहर बरंचसं वाचलं हे खरं, पण त्याला मुख्य कारण भूगोल आहे. कारखाना पश्चिमेला, बंदर पूर्वेला, स्टेशन दक्षिणेला. म्हणजे सगळी लक्ष्यं कडेकडेला.

शेवटी लढाई दारात आली ती एप्रिल 1945 मध्ये. 23 तारखेला लोक, त्यात बायकाच जास्त, चौकात जमले आणि शहर न लढता अमेरिकनांच्या हवाली करा असं म्हणू लागले. कॅथेड्रलचे धर्मोपदेशक योहान मायर त्यांच्या वतीने चार शब्द बोलले. त्यांना तिथेच पकडलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फासावर लटकवलं. पुढे 27 एप्रिलला शहर खरोखरच न लढता शरण गेलं. फॉरवर्ड करायचाच असेल तर हा प्रसंग करा.

आता पूल. 1135 ते 1146 मध्ये बांधला, हे बरोबर. ‘एक दगड हलला नाही’ हे मात्र साफ चूक. मायर बोलले त्याच 23 एप्रिलला जर्मन सैन्याने स्वतःच, अमेरिकनांना अडवायला, सुरुंग लावून पुलाचा काही भाग उडवला. त्याची कायमची दुरुस्ती 1967 साली झाली. ‘वाहतूक चालू’ म्हणाल तर 1997 मध्ये खाजगी गाड्या बंद झाल्या, 2008 मध्ये बसही. मग 2010 ते 2018, म्हणजे बांधायला लागली त्याच्या जवळपास पाऊण पट वर्षं, नुसती डागडुजी चालली. आज वरून चालणारे आणि सायकलवाले जातात. मोठी मालवाहू जहाजं कमानींखालून जाऊ शकत नाहीत, ती उत्तरेकडच्या वेगळ्या कालव्यातून जातात. ‘नाहीतर आपण’ म्हणताना बहुतेकांच्या मनात 2016 साली कोसळलेला महाडचा सावित्रीवरचा पूल असतो. तो पडला तेव्हा त्यावरून एसट्या धावत होत्या. इथल्या पुलावरून तो भार केव्हाच उतरवलाय, ही तुलना आधी करा.

कारखान्यांचं वाक्य वाचून मला हसूच आलं. पहाटे अंधारात आसपासच्या खेड्यांतून पाळीच्या बस निघतात त्या शहराच्या पूर्वेच्या बीएमडब्ल्यूकडे. तो कारखाना 1986 पासून आहे आणि दिवसाला हजारावर गाड्या बाहेर काढतो. सीमेन्सने 1980 च्या दशकात इथे मेगाबिट मेमरी चिप बनवली. तोच धंदा आज इन्फिनियॉन नावाने चालतो. वीजमंडळातल्या कुणाला विचारा ट्रान्सफॉर्मरचा टॅप चेंजर म्हणजे काय. व्होल्टेज वरखाली करायला लागणारा तो भाग बनवणारी जगातली मोठी कंपनी, राइनहाउझन, याच गावची. शेजारच्या नॉयट्राउब्लिंगची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिथे मेसरश्मिटचं विमानतळ होतं. युद्धानंतर पूर्वेकडून हाकलून दिलेले निर्वासित त्या उद्ध्वस्त जागेवर येऊन राहिले, 1951 साली त्याचं रीतसर गाव झालं आणि त्याच वर्षी क्रोनेस ही कंपनी सुरू झाली. ती बाटल्या भरण्याची आणि त्यांवर लेबलं चिकटवण्याची यंत्रं जगभर विकते. कारखाने बाहेर ठेवले, असं म्हणायचंच असेल तर ते फक्त जुन्या वेशीच्या बाहेर.

मग वारसा टिकला कसा? मुख्यतः पैसे नव्हते म्हणून. मध्ययुगात हे बड्या व्यापाऱ्यांचं शहर होतं, इटलीतल्यासारखे बुरूज बांधून मिरवणाऱ्यांचं. पुढे व्यापार न्युर्नबर्ग आणि आउग्सबुर्गकडे सरकला. 1663 ते 1806 पवित्र रोमन साम्राज्याची संसद इथे कायमची बसली, राजदूत आले, मेजवान्या झाल्या, पण जुनी घरं पाडून नवी बांधण्याइतका पैसा नागरिकांच्या हाती आला नाही. (खगोलशास्त्रज्ञ केपलर 1630 मध्ये थकलेली येणी वसूल करायला या गावी आला आणि इथेच वारला. गावाचा पायगुणच तसा असावा.) आपल्याकडच्या एखाद्या पडक्या वाड्यात भाऊबंदकीमुळे जुना जिना टिकतो ना, तसंच.

‘लोकांनी जपलं’ यात अर्धं खरं आहे, पण ते फार अलीकडचं. 1950-60 च्या दशकांत हेच जुनं शहर म्हणजे ओल, अंधार आणि एकेका घरात कोंबलेली कुटुंबं. मधूनच रुंद रस्ता काढायचे आराखडे होते, त्यातलं थोडं झालंही. विरोध उभा राहिला, 1973 मध्ये बायर्न (बव्हेरिया) राज्याचा वारसा कायदा आला, युनेस्कोची मोहोर 2006 मध्ये उमटली. आणि ‘जपलं’ म्हणताना नॉयफारप्लाट्झ चौकही बघावा. तिथे ज्यूंची वस्ती होती. 1519 मध्ये शहराने त्यांना हाकललं आणि सिनेगॉग पाडलं. आज त्याचा नकाशा पांढऱ्या काँक्रीटमध्ये जमिनीवर मांडलेला आहे. दुपारी मुलं त्यावर बसून आइसक्रीम खातात.

राहिला काकांचा फोटो. त्यात पुलामागे कॅथेड्रलचे दोन सुळके दिसतात आणि खाली कुणीतरी ‘मध्ययुगीन कौशल्य!’ असं लिहिलंय. कॅथेड्रलचं काम तेराव्या शतकात सुरू झालं, पण ते सुळके पूर्ण झाले 1869 साली. बोरीबंदर ते ठाणे आगगाडी त्यांच्यापेक्षा सोळा वर्षांनी थोरली.