पोप नव्हता, हे कबूल

‘आपल्याकडे पोप नव्हता. धर्म आणि सत्ता यांची सांगड ही युरोपातली भानगड. आपल्याकडे कुणी कुणावर जबरदस्ती केली नाही. त्यामुळे घरच्या संस्कारांवर मुलांनी प्रश्न विचारणं हे उसनं दुखणं आहे.’ अशा अर्थाचा मजकूर पुन्हा फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला, खाली लगोलग जोडलेल्या हातांची रांग लागली.

पोप नव्हता, हे कबूल. पण सांगड? पेशवाईत दर श्रावणात पुण्याला ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची, आणि ती सरकारी खजिन्यातून, म्हणजे रयतेच्या साऱ्यातून. १८१८ला राज्य गेलं तरी इंग्रजांनाही ती एकदम बंद करायचा धीर झाला नाही. त्यातलाच पैसा वळवून त्यांनी १८२१ साली विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. राज्यकर्ता बदलला तरी ज्याची देणी चुकत नाहीत, त्याला सत्तेबाहेरचा म्हणायचं कसं?

आता जबरदस्ती. १८९० साली पुण्यात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला शहरातली बडी मंडळी गेली. तिथे चहा पुढे आला. कुणी प्यायले, कुणी पेला नुसताच बाजूला ठेवला. मग नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं भांडण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक दोघेही त्यात अडकले. रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. सरकारी न्यायाधीश माणूस, चहाच्या पेल्यापायी! इथे ना पोलीस लागले, ना तुरुंग. भटजी घरी येणार नाही, पंगतीला पान मांडणार नाहीत, पोरीचं लग्न जमणार नाही, एवढ्यावर भागायचं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला, तो काही हौस म्हणून नाही.

राहिलं ‘उसनं दुखणं’.

गेल्या वर्षी पंढरपूरला गेलो होतो. नामदेव पायरीपाशी दलित संत चोखोबांची समाधी आहे, महाद्वाराबाहेर. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं, ‘‘हे बाहेर का?’’ माझी आई म्हणाली, ‘‘नमस्कार कर आणि पुढे हो, रांग खोळंबतेय.’’ मीही लहानपणी हाच प्रश्न विचारला होता आणि हेच उत्तर मिळालं होतं. आईला तिच्या आईकडून काय मिळालं असेल, सांगायला नको.

त्या पोरीनं हा प्रश्न कुठल्या इंग्रजी पुस्तकातून आणला नव्हता. तो डोळ्यांसमोर होता. याच देवळाचं दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजी मे १९४७मध्ये उपोषणाला बसले. तेही उसनं दुखणं होतं म्हणायचं? दार उघडलं, पण गाभाऱ्यातला हक्क कुणाचा, हे भांडण पुढे कितीतरी वर्षं चाललं. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा १९७३चा, आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २०१४चा. धर्माचा सत्तेशी संबंधच नव्हता, तर एवढी वर्षं कोर्टात काय चाललं होतं?

काका, तुमच्या मजकुराला मी हात जोडले नाहीत, ते यासाठी. आषाढीला पोरगी पुन्हा येतेय आमच्याबरोबर. या वेळी रांग खोळंबली तरी चालेल, असं आईला आधीच सांगून ठेवलंय.