रक्ताच्या हिऱ्याला लाल झाक नसते, आत्या

गेल्या महिन्यात माझ्या आत्याने कानांतल्या कुड्या काढून ठेवल्या. सात-सात खड्यांच्या हिऱ्याच्या कुड्या, आजीच्या लग्नातल्या, 1956 सालच्या. कारण घरच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. मी तो आधी दोन ग्रुपवर पाहिला होता आणि सोडून दिला होता. या वेळी सोडून देता आला नाही, कारण आत्या तोवर एका सराफाकडे जाऊन आली होती.

मेसेज थोडक्यात असा. आफ्रिकेत मुलांचे हात तोडून काढलेला ‘रक्तहिरा’ मोबाइलच्या टॉर्चखाली लालसर दिसतो. संयुक्त राष्ट्रं प्रत्येक शुद्ध हिऱ्याला ‘किंबर्ले सर्टिफिकेट’ देतात. ज्याला ते नाही तो रक्तहिरा, घरात ठेवू नये. या सर्टिफिकेटमुळे 2003 पासून जगातले 99.8 टक्के हिरे स्वच्छ झाले आहेत. हॉलमार्क असेल तर मात्र सर्टिफिकेटची गरज नाही. लॅबमधला हिरा म्हणजे केमिकल लावलेली काच. शेवटी ‘पुढे पाठवा, एखाद्या लेकराचा हात वाचेल.’

लाल झाकेचं आधी उरकते. हिरा म्हणजे कार्बन. तो कुणी खणला, कुणी लुटला, त्याच्या पैशातून बंदूक आली की शाळेची फी भरली गेली, याची नोंद त्याच्या अंगावर उमटत नाही. सोन्याच्या कोंदणात बसवलेल्या जुन्या खड्यावर पिवळा टॉर्च मारला की तांबूस दिसणारच. साठ-सत्तर वर्षांचं तेल आणि साबणाचा मळ असतो तिथे. खरोखरचे लाल हिरे निसर्गात फार दुर्मिळ. त्यातले बरेच आले ते ऑस्ट्रेलियातल्या आर्गाइल खाणीतून, जिथे कुठलंही बंड नव्हतं, आणि ती खाण 2020 मध्ये बंदही झाली. आणखी एक गंमत. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयातला निळा होप हिरा अतिनील प्रकाश दाखवून दिवा मालवला की काही क्षण निखाऱ्यासारखा लाल चमकतो. तो हिरा आपल्याच गोवळकोंड्याकडच्या मुलखातला. टॉर्चची परीक्षा खरी मानायची तर पहिला गुन्हेगार तोच.

पण हे हसण्यावारी नेता येतं. सर्टिफिकेटचं नेता येत नाही, कारण तिथे आत्याचे पैसे गेले.

सराफाने कुड्या पाहिल्या आणि म्हणाला, ‘पेपर नाहीत काकू, घट धरावी लागेल.’ त्या बदल्यात सर्टिफिकेटवाली नवी जोडी दाखवली आणि सर्टिफिकेटचे म्हणून वर साडेअकराशे रुपये आगाऊ घेतले. आत्याच्या हातात एक चकचकीत कार्ड आलं. त्यावर तिचं नाव (चुकीच्या शुद्धलेखनासह), मागे पृथ्वीचा गोल, आणि खाली ‘आजीवन वैध’.

मग मी किंबर्ले योजनेचा, म्हणजे बंडखोरांचा हिरा बाजारात येऊ नये म्हणून देशांनी मिळून केलेल्या व्यवस्थेचा, मूळ मसुदाच काढून वाचला. सगळ्यांना उघड आहे, एका संध्याकाळी वाचून होतो. सर्टिफिकेटवर कमीत कमी काय हवं याची यादी त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. देशाच्या दोन अक्षरी खुणेसह एकमेव क्रमांक, दिल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, निर्यातदार कोण, आयातदार कोण, कॅरटमध्ये वजन, डॉलरमध्ये किंमत, खेपेत पाकिटं किती, सीमाशुल्काचा वर्गीकरण क्रमांक (एचएस) आणि निर्यात करणाऱ्या देशाच्या अधिकाऱ्यांचा शिक्का. मुदत संपण्याची तारीख! खरं सर्टिफिकेट आजीवन वैध असूच शकत नाही, कारण ते दागिन्याचं नाही, प्रवासाचं आहे. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या सीलबंद खेपेबरोबर ते निघतं, पलीकडच्या कस्टममध्ये तपासलं जातं, तिथे त्याचं काम संपतं.

आणि खेप कशाची, तर फक्त रफची, म्हणजे कच्च्या हिऱ्यांची. मसुद्याच्या पहिल्याच भागात व्याख्या आहे: ज्यावर काम झालेलं नाही, किंवा जो नुसता चिरलेला, फोडलेला वा ढोबळ घासलेला आहे तो हिरा. पैलू पडले की हिरा योजनेच्या बाहेर. दुकानातला जवळजवळ एकही हिरा रफ नसतो. म्हणजे तुमच्या अंगठीतल्या खड्याला किंबर्ले सर्टिफिकेट जगात कुणीच देत नाही; देतो म्हणणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड. आजीच्या कुड्या तर योजनेच्या सेहेचाळीस वर्षं आधीच्या. त्यांना ‘पेपर नाहीत’ म्हणून घट धरणं म्हणजे पणजोबांचं आधार कार्ड मागणं झालं.

संयुक्त राष्ट्रं ते देतात हेही खोटं. सर्टिफिकेट प्रत्येक निर्यातदार देशच आपल्या मालाला देतो. भारतात हे काम रत्न आणि आभूषण निर्यात प्रोत्साहन परिषद करते, म्हणजे निर्यातदारांचीच संस्था. आमसभेने डिसेंबर 2000 मध्ये ठराव करून या प्रयत्नांना पाठबळ दिलं; संबंध आहे तो असा पाठबळाचा. मोठ्या सॉलिटेअरबरोबर जो प्रयोगशाळेचा अहवाल मिळतो तो रंग, स्वच्छता, घाट आणि वजन सांगतो. चांगली गोष्ट आहे, जरूर मागावा. त्यात युद्धाबद्दल अवाक्षर नसतं.

आता हात तोडण्याचं. इथे मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे आणि ते मला कबूल करावं लागतं. सिएरा लिओनमध्ये 1991 ते 2002 यादवी चालली. आरयूएफ नावाच्या बंडखोरांनी हजारोंचे हात तोडले, लहान मुलांचेही. पण ते हिरा काढण्यासाठी नव्हे. लोकांनी मतदान करू नये, गावं सोडून पळावं, दहशत बसावी म्हणून. हिऱ्यांचा भाग वेगळा होता. कोनो जिल्ह्यातल्या नदीकाठच्या मातीतून चाळलेले हिरे शेजारच्या लायबेरियात जात आणि तिकडून शस्त्रं येत. लायबेरियाचा त्या वेळचा अध्यक्ष चार्ल्स टेलर याला विशेष न्यायालयाने 2012 मध्ये दोषी ठरवून 50 वर्षांची शिक्षा दिली. अंगोलात युनिटा या बंडखोर संघटनेने हेच केलं, तेही त्याहून मोठ्या प्रमाणावर. ‘ग्लोबल व्हिटनेस’ या स्वयंसेवी संस्थेने 1998 मध्ये अंगोलाबद्दलचा अहवाल काढला, मग मे 2000 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्ले गावी हिरे काढणारे देश, व्यापारी आणि संस्था एकत्र बसल्या. गावाचं नाव योजनेला मिळालं, आणि 1 जानेवारी 2003 पासून ती लागू झाली.

मग 99.8 टक्के स्वच्छ? हा या धंद्याचा लाडका आकडा आहे आणि मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच. लाल झाकेवर कुणी शहाणा विश्वास ठेवणार नाही. या आकड्यावर शहाणेच ठेवतात.

आधी तारखा पाहा. युनिटाचा म्होरक्या साविंबी फेब्रुवारी 2002 मध्ये मारला गेला आणि अंगोलातलं युद्ध थांबलं. सिएरा लिओनचं युद्ध संपल्याचं जानेवारी 2002 मध्ये जाहीर झालं. योजना सुरू व्हायच्या आधीच दोन मोठी दुकानं बंद झाली होती. श्रेय मात्र सगळं सर्टिफिकेटला.

त्याहून महत्त्वाची आहे व्याख्या. योजनेच्या मते संघर्षाचा हिरा म्हणजे काय? वैध सरकार उलथवण्यासाठी चाललेल्या लढाईला पैसा पुरवायला बंडखोर किंवा त्यांचे साथीदार वापरतात तो कच्चा हिरा. बस. पुन्हा वाचा आणि ‘बंडखोर’ या शब्दावर थांबा. रक्त सरकारने सांडलं असेल तर?

असेल नाही, सांडलं. झिम्बाब्वेच्या पूर्वेला मारांगे म्हणून भाग आहे. 2006 मध्ये तिथे जमिनीत अगदी वरच हिरे सापडले आणि हजारो गरीब माणसं फावडी घेऊन धावली. ऑक्टोबर 2008 मध्ये सरकारने लष्कर घातलं, हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडल्या. ह्यूमन राइट्स वॉचच्या अहवालानुसार 200 हून जास्त माणसं मेली. नंतर सैनिकांनी गावकऱ्यांना, मुलांनाही, जबरदस्तीने खणायला लावलं. यात बंडखोर कुठे आहे? कुठेच नाही. म्हणून व्याख्येप्रमाणे हा संघर्षाचा हिराच नव्हे. काही काळ निर्यात अडवली गेली, बैठकांवर बैठका झाल्या, आणि नोव्हेंबर 2011 मध्ये योजनेच्या किन्शासा इथल्या बैठकीत मारांगेच्या मालाला वाट मोकळी करून दिली. पुढच्याच महिन्यात ‘ग्लोबल व्हिटनेस’ योजनेतून बाहेर पडली. जिच्या अहवालाने हे सगळं सुरू झालं तीच संस्था! तेव्हा हे 99.8 टक्के कुठून येतात ते कळलं ना? चोरीची व्याख्या ‘रात्री केलेली’ अशी केली की दिवसाढवळ्या झालेली एकही चोरी मोजावी लागत नाही.

व्याख्या बदलत का नाही? इथे सगळं एकमताने ठरतं, 80 हून जास्त देशांपैकी एक जरी ‘नाही’ म्हणाला तरी विषय संपला. 2019 मध्ये योजनेचं अध्यक्षपद भारताकडे होतं, नोव्हेंबरची बैठक दिल्लीत झाली, व्याख्या रुंदावण्याची चर्चा वर्षभर चालली, आणि ती होती तशीच राहिली. रशियाचं तसंच. युक्रेनवर हल्ला झाल्यावर अल्रोसा या सरकारी हिस्सा असलेल्या कंपनीच्या हिऱ्यांचं काय करायचं, यावर किंबर्लेत एकमत होणं शक्यच नव्हतं. शेवटी जी-7 देशांनी वेगळी वाट धरून जानेवारी 2024 पासून रशियन हिऱ्यांवर बंदी घातली आणि मार्चपासून तिसऱ्या देशात पैलू पाडून येणाऱ्या मोठ्या खड्यांवरही. तिसरा देश म्हणजे बहुतेक करून आपलं सुरत.

सुरतेचं नाव निघालंच आहे तर वाट कशी असते तेही सांगते. निरनिराळ्या खाणींचा माल दुबई किंवा अँटवर्पला एकत्र होतो, प्रतवारी होते, नवी पाकिटं बनतात, आणि नव्या सर्टिफिकेटवर मूळ देशाऐवजी ‘मिश्र’ अशी नोंद चालते, कायदेशीरपणे. ते पाकीट मुंबईत बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समधल्या एखाद्या कचेरीत येतं, तिथून सुरतेच्या कारखान्यात. पैलू पडले की सर्टिफिकेट फायलीत आणि हिरा बाजारात. पुढे विक्रेता बिलावर ‘आमच्या माहितीप्रमाणे माल संघर्षमुक्त आहे’ असं वाक्य छापतो. ते त्याचं स्वतःचं हमीपत्र. खोटंच असतं असं मी म्हणत नाही. पण तो तरी मागच्याच्याच शब्दावर चालतो.

तर मग किंबर्ले हे निव्वळ थोतांड? उलट टोकाचा हा मेसेजही फिरतो, आणि नाइलाजाने मी त्यालाही नाही म्हणते. सिएरा लिओनची अधिकृत निर्यात 1999 मध्ये पंधरा लाख डॉलरही नव्हती, 2004 मध्ये ती बारा कोटींच्या वर गेली. चोरवाटेने जाणारा माल निदान सरकारी दप्तरात यायला लागला. काँगो-ब्राझाव्हिल या आफ्रिकी देशाला आपल्या निर्यातीचा हिशेब देता आला नाही तेव्हा 2004 मध्ये त्याला बाहेर काढलं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात 2013 मध्ये बंडखोरांनी सत्ता घेतल्यावर निर्यातीवर बंदी घातली, ती पूर्णपणे उठली नोव्हेंबर 2024 मध्ये. समोर बंडखोर असला की योजना हलते. दुसरं काही असलं की हात बांधून बसते.

उरलेले दोन मुद्दे. हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेचा असतो, हिऱ्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. आणि लॅबमधला हिरा काच नव्हे, तोही कार्बनचाच, खाणीतल्याइतकाच कठीण. फक्त पुढे विकायला गेलात तर भाव फारसा येत नाही, म्हणून बिलावर ‘लॅब-ग्रोन’ लिहून घ्या. किंबर्लेचा त्याच्याशीही संबंध नाही.

कार्ड घेऊन आतेभाऊ त्या दुकानात गेला. ‘यावर एचएस क्रमांक कुठे आहे?’ एवढंच विचारलं. साडेअकराशे परत मिळाले, कार्डही त्यांनी काढून घेतलं, त्यामुळे फोटो दाखवता येत नाही. आत्याचा काल फोन आला होता. कुड्या सोड्याच्या पाण्यात धुऊन पुन्हा घातल्यात, उजवीकडची फिरकी सैल लागते, ती बसवून घ्यायला आता वेगळा सराफ शोधतेय.