क्वर्टी कीबोर्ड 'मुद्दाम स्लो' वगैरे नाहीये

परत तो फॉरवर्ड फिरतोय, की टायपिस्ट हळू व्हावेत म्हणून क्वर्टी (Q-W-E-R-T-Y ने सुरू होणारी इंग्रजी कीबोर्डची नेहमीची मांडणी) मुद्दाम अवघड केला. अहो, क्वर्टीवाल्या शोल्सचं टाइपरायटर मशीन रेमिंग्टन कंपनीने 1874 मध्ये विकायला काढलं तेव्हा न बघता दहा बोटांनी टायपिंग करणं रूढच नव्हतं, मग स्लो कोणाला करायचं? टाइपरायटरच्या अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून जोडीने येणारी अक्षरं लांब हलवली असं म्हणतात ते निदान पटण्यासारखं, पण ई आणि आर शेजारीच आहेत, आणि इंग्रजीत ही जोडी सारखी येते, त्यामुळे तेही पूर्ण जुळत नाही.

आणि खाली कमेंटमध्ये 'पण क्वर्टी किती नॅचरल वाटतो' लिहिणाऱ्यांनो, तो नॅचरल नाही, तुमची बोटं वर्षानुवर्षं त्यावर घासलीयेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्सने 1968 मध्येच दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडायला लागते. आपल्याकडे मराठी टायपिंगचं बघा ना, इनस्क्रिप्ट कीबोर्डवाल्याला (डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, खरंतर मस्त मांडणी) फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचं) विचित्र वाटतं आणि फोनेटिकवाला इनस्क्रिप्ट बघून पळतो. मी फोनेटिकवालाच, सवय, दुसरं काय.